काटाघर

बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकाशी काटाघर आहे,
दहा बाय बारा, वर टिन.
किल्लीसाठी सात अर्ज केले.
आठव्यांदा पंचफुलाबाई स्वतःच
सरपंचाच्या ओसरीत जाऊन बसल्या, नातवासकट.
नातू दीड तास एकाच सुरात टिंग टिंग म्हणत राहिला.
किल्ली मिळाली.

आता दर शुक्रवारी, बाजार उठला की, आम्ही येतो.
कोणी नाला ओलांडून, कोणी काळीपिवळीत पोराला मांडीवर दाबून,
पिशवीत पोळी अन् ठेचा.

आमची एक वही आहे, दोनशे पानी.
पहिलं पान नाझिमाबीच्या अक्षरात:
पावणेसहाची यवतमाळ धरा, नंतरची उपयोगाची नाही.
बुधवारीच जा. खिडकी नंबर चार, तीन नाही.
आधारच्या दोन झेरॉक्स, फोटो चार.
पोराच्या कानाला मफलर न्या, तिथले पंखे लई आवाज करतात.
रडू आलं तर कॅन्टीनच्या मागे कडुनिंब आहे.

माझं पान सतरावं.
तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले होते,
"पोट्टं तं धडधाकट हाय बाई,
टक्के कायचे लिहू? दिसतच नाई काही."
सुगत तेव्हा त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट
डोळ्यापाशी धरून
काचेतला बुडबुडा बघत होता.
मी गप्प. माझ्यापाशी शब्दच नव्हता.
गावाकडे होते: येडं, लाडानं बिघडलेलं, बाहेरचं.
बाहेरच्यासाठी मिरच्यांची धुरी झाली होती,
आठ दिवस तो जेवला नव्हता.

शब्द अंगणवाडीच्या दुर्गाताईंनी आणला, पत्रकावरून वाचला:
स्वमग्न.
पंचफुलाबाई म्हणाल्या, "सोतात मग्न?
मंग तं सरपंच बी हाय."
थोडं थांबून म्हणाल्या,
"माह्या नातवाले तं पल्याडच्या पऱ्हाटीतला फवारा आयकू येते.
थो कायचा सोतात मग्न."
दुर्गाताईंनी पत्रक घडी करून ठेवलं.
शब्द मात्र आम्ही ठेवून घेतला. अर्जावर लागतो.

काटा बिघडलेला आहे.
वर काही नसलं तरी अकरा किलो दाखवतो.
पोरं त्यावर चढतात,
लोखंडी पाट किंचित दबतो, खालून गदगदतो,
अन् अलिशा, जी मायला वेणी घालू देत नाही,
तिथे पाय फाकवून उभी राहते,
पाणी प्यायला थांबलेल्या वासरासारखी.
महिन्यातून एकदा येणाऱ्या म्याडम म्हणाल्या,
हे चांगलं आहे, करू द्या.
आम्ही करूच देत होतो.

मिस्त्री म्हणाला, शून्यावर आणून देतो, दोनशे द्या.
कोणीच हो म्हटलं नाही.
का, ते आम्ही एकमेकींना विचारलंही नाही.

गेल्या शुक्रवारी घाटंजीकडची एक आली.
नवी साडी, फाईल छातीशी.
पोरगा उंबऱ्याच्या बाहेरच बसला, कानांवर हात.
ती त्याला ओढायला लागली, चेहरा लाल.
राहू द्या, म्हटलं.
नाझिमाबीने पंखा बंद केला.
मे महिना, वर टिन. कोणी काही बोललं नाही.
सुगतने आपलं पोतं दारापाशी नेलं,
त्या पोरापासून दोन हात लांब अंथरलं,
अन् परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

मी सतरावं पान वाचून दाखवलं.
"दिसतच नाई" इथवर आले
तशी ती उठली, काट्यावर जाऊन उभी राहिली,
चपला घालून, फाईल घेऊन.
काटा हलला, थांबला. चोपन्न.

"अकरा कमी कर," पंचफुलाबाई म्हणाल्या.

ती हसली नाही.
खाली उतरली, फाईल उघडली,
कागद एकेक करून चाचपले.
"झेरॉक्स एकच हाय," म्हणाली, "दोन लागते का?"

दोन, मी म्हटलं.
अन् खिडकी नंबर चार.