किमान

सकाळी साडेआठला पांढऱ्या पेटीचं दार उघडतो.
दार उत्तरेकडे, तसा नियमच आहे,
उन्हाने आत डोकावू नये म्हणून.
सव्वीस वर्षं मी इथे वाकून
मये गावाची रात्र वाचतो आहे.

आज सोळा पूर्णांक चार.
उद्याच्या पेपरात गोवा गारठेल.
इनास पोदेर कानटोपी घालून पों-पों करत आला,
पाव गरम, पण सायकलचा दांडा बर्फ झालाय, म्हणाला.
बर्फ त्याने पाहिलाय तो मासळीच्या पेटीत,
बांगड्यांच्या डोळ्यांवर.

उल्काच्या गावालाही तळं आहे.
ती तळं म्हणते, पण पलीकडचा काठ दिसत नाही.
कचेरीत कुणाला ठाऊक नाही,
मी माझ्या गावाआधी तिच्या गावाचा अंदाज उघडतो:
मध्यरात्रीनंतर तळ्यावरून हिमवर्षाव,
पूर्वेच्या काठावर दोन फूट.
पश्चिमेला चांदणं.

मालूला समजावलं, चहावर फुंकर घालून.
बघ, तळं अजून उन्हाळा विसरलेलं नसतं.
वरून वारा येतो, कोरडा, उपाशी,
तळ्याची वाफ पोटभर पितो
आणि पहिल्या काठावर पाय टेकताच
त्याला ती पेलवत नाही.
मालू म्हणाली,
म्हणजे आपली पोर पहिल्याच काठावर राहते.
मी हो म्हटलं.
शास्त्र बरोबर होतं. चहा तसाच राहिला.

रात्री ती धालोला गेली, अनवाणी,
सारवलेल्या मांडावर गारवा पायाला डसतो म्हणे.
बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून
पुढे येतात, मागे जातात,
चंद्र डोक्यावरून कलतो तरी थांबत नाहीत.
तिथे कोण कुणाच्या कमरेला हात घालत असेल,
हे अंदाजात देत नाहीत.

इथे साडेआठ म्हणजे तिथे कालची रात्र, दहा वाजलेले.
फोन लागतो.
बरं आहे बाबा. हीटर आहे.
गाडी उकरून काढली. हो, जेवले.
आवाज बावीस अंशांचा, बंद खोलीतला.

किमान तापमापकाच्या नळीत, बाई,
एक बारीक काळी काडी असते.
रात्र उतरते तसा द्रव तिला मागे ओढत नेतो.
मग ऊन येतं, द्रव पुन्हा चढतो,
सगळं ठीक दिसू लागतं,
पण काडी तिथेच पडून असते,
जिथे सर्वांत गार घटका होती.
मी द्रव वाचत नाही. काडी वाचतो.
तुझ्या आवाजात ती कुठे आहे
ते मला अजून सापडलेलं नाही.

हे तिला बोललो नाही. म्हटलं,
इकडे काजूला मोहोर धरलाय,
थंडी आठवडाभर टिकली तर बरं.
ती हसली. सोळाला थंडी म्हणता, बाबा?

फोन ठेवून बांधावर गेलो.
घाटावरून उतरलेला वारा
रात्रभर तळ्यावरून चालत आला होता.
पाण्यावर वाफ होती, गुडघाभर,
आणि या काठाच्या काजूंची पानं,
फक्त या काठाची,
ओली, टपटपत.
एवढंसं तळं आमचं, होड्या भाड्याने देणारं,
त्यालाही उन्हाळा सोडवत नव्हता.

याचा इशारा कुणी देत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दव, मध्यम.
मग परत येऊन नळी हलकेच कलती केली.
काडी घरंगळत
आजच्या उबेपाशी येऊन थांबली,
रोजच्यासारखी,
पुढच्या रात्रीसाठी.