प्रॉम्प्टरचा अंगठा

बत्तीस वर्षं मी विंगेत उभा राहून
दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं ठेवली.
वडशाच्या कंपनीत, मंडईच्या रात्री,
टॉर्चवर रुमाल गुंडाळून, वही पोटाशी.
माझा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला
की त्या रात्रीचं नाटक मेलं.
एवढं मला कळतं. बाकी फारसं नाही.

आणि आता श्रावस्ती, माझी भाची,
नागपूरहून कोणाचं तरी जुनं कन्सोल घेऊन आलेली,
माझ्या हातात हे दोन शिंगांचं काळं यंत्र देते:
"मामा, हा मानूस म्हंजे तू. चाल."

चाललो. भिंतीत गेलो.
आभाळ बघायला गेलो तर जमीन दिसली.
कासरा मागे ओढला की बैल मान वर करतो,
ही साधी गोष्ट या लोकांना कोणी सांगितली नसावी.
तिनं सेटिंगमध्ये शोधलं. होतं तिथं: 'उलट'.
म्हणजे त्या देशातही कोणीतरी
कधीतरी बैल हाकलेत.

डावी कांडी झिजलेली आहे,
मी बोट काढलं तरी तो माणूस
आपला आपण डावीकडे सरकत राहतो,
आमच्या केवळरामसारखा.
घेतलेली असली की राजा असो, भिकारी असो,
तो डाव्या विंगेकडेच.

गोष्ट बर्फातली. बाप आणि पोरगी.
एक लोखंडी दार उचलायचं होतं:
चौकोन, चौकोन, चौकोन, भरभर.
अंगठा दुखला,
आणि दार जड आहे हे मला पटलं.

मग ती पोरगी आजारी पडली.
अर्धं कळेल असं काही बोलत होती,
खालच्या ओळी वाचायला चष्मा शोधत होतो मी,
तेवढ्यात तिच्या कपाळाच्या अगदी वर
पांढरी चौकट उजळली:
बटण दाबून ठेवा. हात धरा.

"अरे, ऐकू आला!" मी ओरडलो.
"प्रॉम्प्टर ऐकू आला!"

श्रावस्ती हसली. मग हसायची थांबली.
सूचना: चालू. सूचना: बंद.
"आता कोनीच सांगनार नाही, मामा. पाहा बरं."

अर्जुनीकडे एका गावात, पहाटे तीनच्या सुमारास,
केवळराम लेकीच्या उशाशी बसला होता
आणि वाक्य विसरला.
वाक्य माझ्या ओठावर होतं: 'पोरी, तुझ्या मायला का सांगू?'
दिलं नाही.
का, ते आजही विचारू नका.
तो विंगेकडे बघत राहिला, मग स्वतःच्या मांडीकडे,
मग तिच्या पायाची चादर नीट करू लागला,
जी नीटच होती.
कनातीबाहेर भज्यांची कढई तेवढी बोलत होती.
बायांनी पदर तोंडाला लावले.
होळीपर्यंत केवळराम माझ्याशी बोलला नाही.

आम्ही पुन्हा त्या खोलीत गेलो.
चौकट नाही. बाण नाही.
बोटं अंधारात गोठ्यातली कडी चाचपावी तशी फिरली.
मागचं एक बटण सापडलं,
अर्धं दबतं, मग आतून ढकलतं, वासराच्या नाकासारखं.
दाबलं.
पडद्यावर त्याच्या हाताची मूठ तिच्या हातावर मिटली,
आणि यंत्र माझ्या तळव्यात थरथरलं,
थांबत, थांबत.
मग थरथरायचं राहिलं.

आता पुढे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.
रस्त्यापलीकडे राऊतांचं मळणीयंत्र बंद झालं.
पोरीच्या तोंडावर उजेड तसाच.
बोट दुखतंय.
सोडल्याशिवाय गोष्ट सरकत नाही, हे मी समजलो आहे,
मूर्ख नाही मी.

माझ्या उजव्या कानाशी श्रावस्तीनं श्वास घेतला,
अर्धा,
सांगण्याच्या आधी घेतात तो.
तो श्वास मी झोपेतही ओळखीन.

आणि मग ती काही बोलली नाही.