आतल्या बाजूने

विमान उडालं, ते आधीच सांगून टाकते,
म्हणजे तुम्ही शेवटाची वाट बघत बसणार नाही.

मर्डोला माझा हात हवा होता,
मी नंतर, हात आधी.
रिव्हर्टनच्या आमच्या गल्लीत इतका बारीक हात
दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि विमानाचं शेपूट
टोकाकडे असं निमुळतं होत जातं
की मोठ्या माणसाचं कोपर आत वळत नाही.

खोकी बोटीने आली. चार.
पत्र्यावरचं निळं प्लास्टिक सोलणं हे माझं पहिलं काम,
मग भोकं. प्रत्येकाची कड बोटाने तपासायची,
खरखरली तर घासायची.
चौदा हजार, मर्डो म्हणाला, साधारण.
जन्मभर दूध काढायची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस,
त्याला आकड्यांचं भय नव्हतं.

फ्लोरा माझ्या कानात कापूस कोंबायची,
पाठीखाली जुनी रजई, गालात लिंबाची गोळी,
आणि मी उताणी आत सरकायचे.
मुठीएवढा पोलादी ठोकळा
रिव्हेटच्या शेपटीला टेकवून धरायचा.
दाबायचा नाही. नुसता धरायचा.
बाहेरून तो बंदूक चालवणार:
तर्रर्र, आणि अख्खं विमान माझ्या दातांत.

तो मला दिसायचा नाही, मी त्याला नाही.
मध्ये पत्रा, नखाएवढा जाड.
बोलणं ठोक्यांचं.
एक टक म्हणजे बसला.
दोन म्हणजे अजून थोडा.
तीन म्हणजे वाकडा झाला, काढावा लागेल.
"तीनला लाजायचं नाही," एवढंच शिकवलं त्याने,
"तीनसाठी माझ्याकडे ड्रिल आहे."

जुलैतला शनिवार. खाडीवरून वारा,
गॅरेजच्या दाराखालून थंडी घोट्यांपर्यंत.
ओळीतला कुठलातरी, सातवा की आठवा,
ठोकळा घसरला. रिव्हेट कलंडलं,
बसल्याजागी झोप लागलेल्याची मान कलंडते तसं.
मला लघवी लागली होती. बोटं माझी राहिली नव्हती.
मी एकदाच ठोकलं.
"शाब्बास," पत्र्यापलीकडून आलं.

तीन वर्षं गेली. पंख आले, काच आली,
इंजिनाच्या तारा खिळ्यांवर
वाळत घातलेल्या शेवयांसारख्या लोंबल्या.
मर्डो वहीत रोज तास लिहायचा.
माझेही. वेगळ्या रकान्यात, माझं नाव वर: मरामा.
तपासनीस मंगळवारी येणार होता.
रविवारी रात्री मी सांगितलं.

कुठला, त्याने विचारलं.
आठवत नाही, म्हटलं.
तो ओरडला असता तर बरं झालं असतं,
मला उलट बोलता आलं असतं.
त्याने बॅटरी घेतली, दाढीचा आरसा घेतला,
बराच वेळ आत बघत राहिला.
"तीन मला सारखेच वाटतात," म्हणाला,
आणि ओळच्या ओळ काढायला घेतली. अकरा.
नव्या पिवळ्या रंगावर भुसा पडत गेला,
चंदेरी, बारीक.

मग मी ठोकळा उचलून आत सरकले
तर खांद्यापाशी अडकले.
अकरा वर्षांची असताना जिथे खोटं बोलले
तिथे चौदाव्या वर्षी मी मावतच नव्हते.

रावीरीला उठवून आणलं. माझा भाऊ, नऊ वर्षांचा,
पायजम्यात, एकाच पायात मोजा.
फ्लोराने कापूस कोंबला.
मर्डोने बंदूक माझ्या हातात दिली.
"तीनला लाजायचं नाही," मी पत्र्याला म्हटलं,
मोठ्याने, कापसातून जाईल इतक्या.

तर्रर्र. थांबले.
मर्डो माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होता.
इतका वेळ लागतो?
बाहेर उभ्या असलेल्याला
दर वेळी इतका वेळ लागत होता?
टक.
मी पुढचं भोक घेतलं.
टक. टक टक. टक.

पाचव्याला आतून तीन आले,
स्पष्ट, जवळजवळ खुशीत.
मर्डो ड्रिल आणायला वळला,
शीळ घालत.