लाल अधिक, काळी उणे

बोट सुरतेहून ट्रेलरवर आली.
सावद्याच्या फाट्यावर केळीचे ट्रक तिच्यासाठी थांबले,
पोरं मागे धावली, जहाज चाललं, जहाज चाललं रस्त्यानं.
आता ती चांगदेवला असते, तापी-पूर्णेच्या पाण्यात,
वय पस्तीस, अंगावर तिसरा रंग.
चौथा लावायचा तर आधीचे खरवडावे लागतील,
आणि खरवडल्यावर खाली काय निघेल
हे मुकुंदा बऱ्हाट्यांना बघायचं नाही.

ते म्हणाले, सुभान, जुनं सगळं उपट.
मोठा टीव्ही लाव. आवाज असा दे
की मेहूणच्या काठाला कळलं पाहिजे
वाढदिवस कुणाचा आहे ते.

मी सतरा वर्षं टीव्ही उघडतोय,
सगळे जमिनीवरचे.
भिंत हलत नाही, ही केवढी सोय असते
ते मला इथं कळलं, तोंडात दोन स्क्रू धरून.

जुना टीव्ही सागवानी कपाटात रुतलेला,
पोट मागे सुटलेला, हवालदारासारखा.
मी आणि सुपडू भोई, दोघांनी ओढला
तेव्हा बोट आमच्या बाजूला कलली.
नवा, खापरावरच्या मांड्यासारखा पातळ,
एका हाताने आला.
मागे पोकळी उरली, एक पोर पाय दुमडून बसेल एवढी.

स्पीकरचे कागद ओल पिऊन फुगलेले.
एकात कुंभारमाशीनं घर बांधलं होतं,
मातीचं, नीट लिंपलेलं,
आमच्या यावलच्या घरापेक्षा सरळ.

छत्री टपावर बसवली.
पण बोट दोराभोवती फिरते आणि उपग्रह फिरत नाही:
पूर्णेकडून वारा आला की
बातम्या देणाऱ्या बाईचे चौकोन चौकोन होतात,
मग नुसता कान उरतो, मग तोही जातो.
बऱ्हाट्यांना सांगितलं, पेनड्राइव्ह आणा.

इंजिन लावलं की स्पीकरमधून डिझेल गुणगुणतं.
दोन दिवस मी ती गुणगुण शोधत पालथा पडलो,
बाहेर चव्वेचाळीस, आत भरताची भट्टी.
अर्थिंग कुठं द्यायचं रे, पाण्यावर?
सुपडूनं खाली बोट दाखवलं. गाळात.
त्याला एकाच कानानं ऐकू येतं,
दुसरा वीस वर्षं इंजिनाशेजारी बसून गेला.

तिसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन पोकळीत डोकं घातलं.
प्लायवर पेन्सिलीनं ओळी होत्या,
डोक्यावरची रेघ उडालेली अक्षरं,
वाऱ्यानं पत्रे नेल्यासारखी.
लावत लावत वाचली:
लाल अधिक. काळी उणे.
पिवळीला हात लावू नको.

पिवळी मी सकाळीच कापली होती.
कुठंच जात नव्हती ती,
टीव्हीच्या मागून सरळ खाली, फळ्यांखाली,
म्हटलं, कुणाची तरी राहून गेलेली.

तेवढ्यात खालून सुपडू:
सुभानभाऊ, माहे पाय ओले कायचे झाले?

पंपाची होती ती.
जुनी बोट थेंबथेंब पाणी घेते,
आणि हा पंप बारीक बारीक ते बाहेर टाकतो,
कुणी न सांगता, दिवसरात्र.
सुरतेच्या त्या माणसाला जागा नव्हती,
त्यानं वायर टीव्हीमागून नेली
आणि मागाहून येणाऱ्याची लाज राखायला
तीन ओळी लिहून ठेवल्या. नाव नाही. तारीख नाही.

जोडली. दोनदा टेप गुंडाळली.
मग त्याच्या खाली, माझ्या भाषेत, माझ्या गिचमिडीत:
पिवळी पंपाची. मी कापली होती. खरंच नको लावू हात.
आणि वरून नवा टीव्ही ठोकला.

संध्याकाळी बऱ्हाटे आले, नातेवाईक आले,
शेवभाजीचं पातेलं आलं.
आवाज सोडला तसे काठावरचे बगळे उठले.
सगळे वा वा करत असताना
सुपडूनं चांगला कान नाही, तळहात लावला लाकडाला,
बराच वेळ.

वाजते का, मी खुणेनं विचारलं.
म्हणाला, गाण्याचं मले माहीत नाही.
पंप चालू हाये.