फायरमनचा ढीग

सतरा वर्षं मी वाफेच्या इंजिनाला कोळसा भरवला,
चोर्नाच्या डेपोत.
दार उघडायचं, ज्वाळेचा रंग बघायचा,
भूक कुठे आहे ते ओळखून फावडं फेकायचं.
मग डिझेल आलं
आणि मला तिकिटं तपासायला लावलं.

म्हणून नोव्हेंबरातला एक शनिवार माझा असायचा.
अंगणातला सगळा पाचोळा,
जर्दाळूच्या छाटलेल्या फांद्या, घेवड्याचे वाळके वेल,
आणि एकच काडी.
दुसरी लागली तर मला लाज वाटायची.
गिझेला दोरीवरच्या चादरी आधीच आत न्यायची
आणि केसांतला धूर जाईपर्यंत
माझ्याशी बोलायची नाही.

गेल्या वर्षी नगरपालिकेनं पत्रक लावलं : जाळणं बंद.
मी ते काढून घरी आणलं,
पेटवायला बरं म्हणून.

ढीग रचून झाला, काडी हातात,
तेवढ्यात कुंपणापाशी चेंगे आली,
नऊ वर्षांची, मुठीत निळा पंप,
छातीत बारीक शिट्टी.
तक्रार नाही केली पोरीनं.
विचारलं एवढंच,
"ओडोनआजोबा, आज किती वेळ जळणार?
तेवढा वेळ मी श्वास कमी घेईन."

काडी पेटीत परत गेली.

मग फळ्या ठोकून एक चौकोन केला.
नुसतं गवतच कोंबलं त्यात, ओलं, हिरवं,
आठवड्यात अशी घाण सुटली
की गिझेला म्हणाली, धूर बरा होता.
चेंगेनं शाळेतलं सांगितलं :
हिरव्याच्या दुप्पट कोरडं,
आणि ओल पिळलेल्या फडक्याइतकीच.
अक्रोडाची पानं मात्र वेगळी ठेवायची,
ती कडू स्वभावाची,
शेजारच्या रोपाला वर येऊ देत नाहीत.
वर्षभर कोपऱ्यात एकटी बसवली की तीही निवळतात.
(माझा मेव्हणा नाही निवळला.)
अधूनमधून काट्यानं उलथायचं, आत हवा द्यायची,
कुठे विझत आलंय ते बघायचं...
अरेच्चा,
हे तर मला येतं.

डिसेंबरात बर्फ पडलं.
छप्पर पांढरं, कुंपण पांढरं,
चेंगेची सायकलसुद्धा.
ढीग तेवढा काळा,
आणि त्याच्या डोक्यावरून वाफ.
लोखंडी सळई खुपसली, बाहेर काढली,
तळहाताला चटका बसला. जुना, ओळखीचा.
चेंगेनं थर्मामीटर घातला : अठ्ठावन्न.
"आत कोण जाळतंय?"
जाळत नाही गं कुणी,
म्हटलं, जेवतायत.

त्या रात्री कोट चढवून मी तिथे उभा होतो,
ज्वाळा नाही, धूर नाही, कुणाच्या चादरी आत नेलेल्या नाहीत,
आणि सवयीनं घड्याळ बघितलं,
सहा दहाची गाडी सुटायचीय जणू.

मार्चमध्ये फळी काढली.
पानं कुठली, साली कुठल्या, काही कळेना,
सगळं काळं, भुसभुशीत,
कोबी मुरवलेल्या तळघरासारखं थंड वासाचं.
आणि त्यात गिझेलाची बटाट्याची सोलणी,
जिच्यापायी नाताळभर माझ्यावर आळ होता.
सालींबरोबर तिनंच फेकलेली.
मूठ अर्धी कुजलेली, पातं शाबूत.

मी काही बोललो नाही, टेबलावर ठेवली.
तिनं ती धुतली, एक बटाटा सोलला,
आणि साल,
माझ्याकडे न बघता,
माझ्या हातावर ठेवली.