सोळा घरं

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये, दाराशेजारी
खिळ्याला टांगलेला खाऊचा डबा,
आत तळहाताएवढा कॉम्प्युटर.
याला रास्पबेरी पाय म्हणतात, मी सांगितलं,
तर बायका हसल्या : "पाय? मग चालतंय का?"

चालतंय.
कार्ड दोन बोटांवर आलं की निळी पट्टी वाचते.
पत्र्याला टेकवली तर मात्र आंधळी होते,
म्हणून मध्ये पुठ्ठा घातलाय,
मुकादमाच्या जुन्या हजेरीवहीचा.

एका कप्प्यात सोळा घरं.
इंग्रजी अक्षर एका घरात मावतं.
आपल्या अक्षराला तीन लागतात,
आणि काना, मात्रा, उकार, ज्याची त्याची वेगळी तीन,
कुणी कुणाच्या खोलीत झोपत नाही.
हे कॉलेजात कळलं नव्हतं.
कळलं सुभद्रामुळं.

तिनं कार्ड टेकवलं. पडद्यावर आलं :
सुभद्
आणि पुढं चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

"अगं मुल्लाच्या पोरी, द चा पाय मोडलास की!"
चौथीपर्यंतची शाळा. बोटं बेदाण्यानं चिकट.
"आन् माझा रा कुठं गेला?"

र उंबऱ्यातच तुटला होता,
एक घर अलीकडं, दोन पलीकडं.
पुढचा कप्पा उघडला, उरलेलं तिकडं ठेवलं
(चौथ्यात हात घालायचा नसतो, तिथं किल्ल्या असतात,
चुकलं की कप्पा कायमचा मुका)
आणि वाचताना दोन्ही जोडले.

टीक.
सुभद्रा.
तिनं पुन्हा टेकवलं. परत एकदा.
त्या दिवशी तिची हजेरी नऊ वेळा लागली,
पगार एकाच दिवसाचा.

दिवाळीनंतर ती आली नाही.
विट्याला लेकीकडं गेली म्हणे,
कार्ड वजनकाट्यावर ठेवून.

आज तेच वैजंताला दिलं.
जुनं वाचायचं, त्यावर नवं ठेवायचं, परत लिहायचं.
टीक.

वैजंताा

दोन काने.
बोटांवर मोजलं : हिचं नाव अठरा घरांचं,
तिचं एकवीस.
शेवटची तीन माझ्याकडून पुसायची राहिली.

"हा एक कुणाचा गं?" वैजंतानं विचारलं.

शून्यं भरायची, बस.
दोन ओळींचं काम.
मागं रांग होती, ट्रे उतरत होते,
उद्या भरते, म्हटलं,
आणि पुढचं कार्ड टेकलं.