एक इंच

गुडघ्यांनी नोव्हेंबरातच नोटीस दिली:
यापुढे गाडीखाली निजायचं नाही.
थंडर बेमध्ये कोबा मेपर्यंत गारच असतो.
पुठ्ठा अंथरा, जुनी गोधडी अंथरा,
तो बरोबर हाडांचा पत्ता काढतो.

जॅकवर माझा भरवसा उरलेला नाही.
शेजारच्या ऑर्व्हिलचा जॅक एका दुपारी
कोणाला न सांगता खाली बसला.
ऑर्व्हिल तेव्हा सिगारेट आणायला घरात गेला होता.
त्यानंतर त्याला सिगारेट सोड म्हणायची
कोणाची छाती झाली नाही.

तर लिफ्ट घ्यायची. ढकलत नेता येईल अशी,
काम झालं की भिंतीकडेला गप पडून राहील अशी.
दुकानात लूसियननं किंमत सांगायच्या आधी विचारलं,
कोबा किती जाड आहे?

छत्तीस वर्षं ज्याच्यावर उभा राहिलो
त्याची जाडी मला माहीत नव्हती.
घरी येऊन कोपऱ्यात भोक पाडलं,
टोकाला वाकवलेली तार आत सोडून मापलं:
चार इंच, वर सुपारीएवढं.
कागद गिरणीतल्या माणसाला एवढं पुरतं.

मग छत. नऊ फूट दोन.
दोन खांबांची लिफ्ट सहज बसली असती,
गाडी छातीइतकी वर, खाली स्टूल टाकून बसायचं,
वरून थेंब पडला तर नुसती मान बाजूला करायची.
पण छताला दोरांवर होडी आहे.
सीडरच्या पट्ट्यांची. हेल्वीनं आणि मी
लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात जोडलेली.
होडीच्या कण्यापासून जमिनीपर्यंत: सात फूट.

"उतरव की," हेल्वी म्हणाली,
"अकरा वर्षांत पाणी बघितलेलं नाही तिनं."
मी म्हणालो, बघू.
आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय
हे तिला नीट ठाऊक आहे.

मी कात्रीची घेतली. बुटकी, सत्तावीस इंच उचलणारी.
मधोमध तिचं पोलाद आडवं येतं,
गिअरबॉक्सपर्यंत हात पोचत नाही.
लूसियन म्हणाला, पस्तावशील.
मी गाडीची उंची त्यात मिळवली, दोनदा मिळवली.
एक इंच उरत होता.

शनिवारी पहिला तास गेला
रबरी ठोकळे कुठे टेकवायचे ते शोधण्यात.
पाच महिने रस्त्यावर मीठ, गाडीच्या कडांचे पापड झालेत;
बोटानं दाबून दाबून चार शाबूत जागा सापडल्या.
बटण. पंप गुरगुरला.
वीतभर वर नेली, थांबवली, खांद्यानं रेटून पाहिली.
हलली नाही. मग पुन्हा बटण,
खट्, खट्, दात बसत गेले,
आणि शेवटी जराशी खाली सोडून
सगळं वजन त्या दातांवर ठेवलं.
तेलाच्या जिवावर कोणी खाली शिरू नये.

फक्त अँटेना आत घ्यायची विसरलो.
तिनं वाकून होडीच्या तळाला टोचलं.

हेल्वी कॉफी घेऊन आली, माझ्याशेजारी उशी टाकून बसली,
मान कलती करून बघायला लागली.
तीस वर्षं त्या गाडीत बसलेली बाई
तिचं पोट पहिल्यांदा बघत होती.
"हे काय बांधलंयस?"

सायलेन्सरला तार होती. गंजून काळी,
वावाच्या अलीकडे, अंधारात, दोन पोरं मागे झोपलेली असताना
घरी पोचेपर्यंत म्हणून गुंडाळलेली.

"हा माझ्या हिरव्या कोटाचा हँगर," ती म्हणाली.
"तेव्हापासून तो कोट खुर्चीच्या पाठीवर आहे."

मी नवा क्लॅम्प काढला, पान्याचं माप शोधलं.
"पक्कड दे."
तिनं दिली नाही. ती वर बघत होती.
आमच्या दोघांच्या आणि गाडीच्याही वर
होडी अजून थांबली नव्हती.